काही नाही, जरा टेन्शन आहे

चि. संग्राम,
अनेक आशीर्वाद.

परवा दोन दिवस राहून गेलास. आईनं केलेला तांबडा रस्सा ताटात तसाच राहिला. रात्री तीनला पाणी प्यायला उठलो तर दाराखालून तुझ्या मोबाइलचा उजेड दिसत होता. रंकाळ्यावर चल म्हटलं, तर नको म्हणालास. विचारलं तर, "काही नाही पप्पा, जरा कामाचं टेन्शन." बाळा, हे वाक्य माझं आहे. तुझ्या आईला मी सहा महिने हेच सांगत होतो.

२०१९ चा पूर तुला आठवत असेल. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा ५५ फुटांच्या वर. शुक्रवार पेठेतलं आपलं घर निम्मं पाण्यात. गाळ निघाला, भिंती वाळल्या, पण माझं बिघडणं त्यानंतर सुरू झालं. तू तेव्हा हॉस्टेलवर होतास. तुला कळू दिलं नाही, ती माझी चूक.

उद्यमनगरात लेथवर उभा असायचो. मायक्रोमीटरवरचा आकडा वाचायचा आणि हँडलला हात लावेपर्यंत विसरायचा. एके दिवशी लागोपाठ ४ जॉबचे बोअर, म्हणजे आतलं भोक, मापापेक्षा मोठे झाले. मोठा झालेला बोअर परत लहान होत नसतो. मशीन बंद केलं, संडासात गेलो आणि नळ सोडून रडलो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून नळ.

तालमीत खांदा निखळला की वस्ताद स्वतः हाडवैद्याकडे न्यायचे. रडू आलं की मात्र, "बायकांसारखा रडतोस काय?" जीव लावणारा माणूस, पण शिकवण तीच. एका जवळच्याला सांगून बघितलं, तर म्हणाला, "दोन पेग मार, झोप लागंल." मारले. डोळा लागायचा आणि पहाटे धडधडत उठायचो. दारूनं झोप आणखीच मोडते, हे नंतर कळलं.

शेवटी आईनं सीपीआरला, आपल्या सरकारी दवाखान्यात, नेलं. मानसोपचार विभागाबाहेर बाकावर रुमालानं तोंड झाकून बसलो, पेठेतलं कुणी बघेल म्हणून. शेजारी पेठेतलाच एक जण निघाला. त्यानं नुसती मान हलवली. डॉक्टरांनी झोप, भूक विचारली आणि मग सरळ, "मरणाचे विचार येतात का?" आईसमोर मी हो म्हणालो. त्या रात्री ती जागी राहिली आणि मी झोपलो.

गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे जातात, बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी बजावलं होतं. मला ९ महिने लागले. मधे दोनदा वाटलं, काही उपयोग नाही. पण झाला.

आपल्या देशात २०२२ साली आत्महत्येनं १ लाख ७० हजारांवर माणसं गेली. त्यात दर दहात सात पुरुष. म्हणजे कितीतरी घरांत कुणीतरी "काही नाही" म्हणत होतं. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर त्याच वर्षी सुरू झाला. पैसे लागत नाहीत, दिवसरात्र कधीही लावता येतो, मराठीत बोलता येतं. माझ्या वेळी तो नव्हता. तू मोबाइलमध्ये साठवून ठेव, आज रात्री झोप लागली नाही तर लाव. मला लावलास तरी चालेल, तीनला लाव, मी उचलेन.

तुला माझ्यासारखंच झालंय, असं मी म्हणत नाही. ते डॉक्टर बघतील. नोकरीचं काही असेल, कर्ज असेल, कुणी मुलगी असेल, मी रागावणार नाही. सांगायचं नसेल तर मला सांगू नकोस, पण कुणाला तरी सांग.

शनिवारी सकाळच्या एसटीनं स्वारगेटला उतरतो. आई खर्डा-भाकरी बांधून देणार आहे. तिथं डॉक्टर गाठायचे ठरलं तर तू आत जा. माझ्या वेळी तुझी आई सोबत होती, तुझ्या वेळी मी बाहेर बाकावर बसेन.

तुझे,
पप्पा