हॅम्स्टरच्या पिंजऱ्याला अत्तर नको

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत हॅम्स्टरच्या पिंजऱ्याचा वास घालवण्याचे तीन उपाय छापून आले होते. पिंजरा रोज साबणाने धुवा, भुशावर सुगंधी फवारा मारा आणि आठवड्यातून एकदा हॅम्स्टरला कोमट पाण्याने आंघोळ घाला. तिन्ही चुकीचे आहेत आणि शेवटचा तर त्या जिवावर बेतणारा आहे. माझी सगळी नोकरी एका प्रयोगशाळेच्या प्राणिगृहात गेली. पिंजरे बदलणे आणि ट्रे घासणे हेच काम. आता घरी नातीची मिरी नावाची सोनेरी हॅम्स्टर आहे. लाड नातीचे आणि साफसफाई आजीची, हे ओघाने आलेच. म्हणून लिहिते आहे.

हॅम्स्टर स्वतः स्वच्छ असतो, सतत अंग चाटत-पुसत बसतो. नाकाला झोंबतो तो साचलेल्या लघवीचा वास. लघवीतल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात आणि त्यांना त्यासाठी ओल लागते. तेव्हा ओल काढली की वास गेला. त्यासाठी अख्खा पिंजरा उपसावा लागत नाही, कारण सोनेरी हॅम्स्टर बहुधा एकच कोपरा धरतो, झोपायच्या जागेपासून लांबचा. मिरीचा कोपरा तिच्या धावायच्या चाकामागे आहे. वरून भुसा कोरडा ठणठणीत दिसतो. बोटाने उकरावे तर खाली पिवळट, दबून बसलेला गोळा लागतो आणि वास थेट डोक्यात जातो. तेवढाच गोळा चमच्याने काढायचा आणि मूठभर नवा भुसा टाकायचा. दिवसाआड केले तरी पुरते. त्याच कोपऱ्यात वाळूचे उथळ भांडे ठेवले तर पुष्कळ हॅम्स्टर त्यातच लघवी करू लागतात आणि काम आणखी सोपे होते. वाळू मात्र वाळूच हवी. बारीक पावडर विकतात ती नको, ती श्वासावाटे आत जाते.

रोज धुण्याबद्दल. सोनेरी हॅम्स्टरच्या दोन्ही कुशींवर एकेक गंधग्रंथी असते; केस बाजूला केले की काळसर डाग दिसतो. बुटक्या जातींत ती पोटावर असते. या ग्रंथींच्या वासाने तो आपली जागा ओळखतो. सगळे साबणाने लख्ख केले की त्याला तिथे काहीच ओळखीचे उरत नाही, तो बिथरतो आणि पुन्हा जागोजागी खुणा करत सुटतो. म्हणजे धुणाऱ्याने वासाला आमंत्रणच दिले. भुसा बदलायचा तेव्हा जुन्यातला कोरडा, स्वच्छ भाग नव्यात मिसळावा आणि घरट्याला शक्यतो हात लावू नये. मादी नुकती व्यालेली असेल तर पहिले दोन आठवडे तिच्या वाटेलाच जाऊ नये. घाबरलेली आई स्वतःची पिल्ले खाते. प्राणिगृहात हे पाहिले आहे. जास्त सांगत नाही.

भुसा भरपूर हवा. मूठभर पसरून ठेवलेला भुसा दोन दिवसांत चिंब होतो आणि हॅम्स्टरला बिळेही करता येत नाहीत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सोनेरी हॅम्स्टरना १०, ४० आणि ८० सेंटीमीटर खोल भुशात ठेवून पाहिले होते. १० सेंटीमीटरवाले पिंजऱ्याचे गज जास्त चावत होते. घरी ८० जमणे कठीण, पण वीत-दीड वीत थर तरी असावा. कागदाचा किंवा अ‍ॅस्पेन झाडाच्या लाकडाचा भुसा चांगला. सीडर आणि कच्च्या, म्हणजे भट्टीत न वाळवलेल्या, पाइनचा भुसा माणसांना छान सुवासिक वाटतो, पण तो सुवास ज्या द्रव्यांचा असतो त्यांनीच या प्राण्यांच्या श्वासमार्गाला आणि यकृताला त्रास होतो. फवाऱ्याचे तेच. अमोनिया जागच्या जागी राहतो, वर अत्तर चढते आणि हे दोन्ही हुंगत त्या जिवाला चोवीस तास तिथेच राहायचे असते.

एवढे करूनही वास येत असेल तर चाक पाहा. हॅम्स्टर धावता धावता लघवी करतात आणि ती चाकाच्या आतल्या कडेला वाळून पांढरट थर धरते. पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून थर भिजवला की सुटतो. मग साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण सुकवून चाक परत लावावे. लाकडी घर लघवी पिऊन बसलेले असेल तर त्याला इलाज नाही, टाकून द्यावे. आणि साठा तपासावा. गालात भरून नेलेली काकडी बिळात कुजते तेव्हा वास लघवीपेक्षा वाईट येतो. दाणे राहू द्यावेत, ओले तेवढे काढावे.

एक गोष्ट मादी पाळणाऱ्यांसाठी. तिची पाळी दर ४ दिवसांनी फिरून येते. त्यात एक रात्र उग्र दर्प येतो आणि दुसऱ्या दिवशी घट्ट पांढरा स्राव दिसतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. मात्र स्राव थांबतच नसेल, त्यात रक्त असेल किंवा पोट फुगले असेल तर थेट पशुवैद्याकडे न्यावे. लहान पिल्लाची शेपटीखालची जागा ओली आणि घाण वासाची दिसली तर त्याच दिवशी न्यावे. अशा जुलाबाने पिल्लू एक-दोन दिवसांत दगावू शकते. इथे पिंजरा घासून काहीही होणार नाही.

राहिली आंघोळ. पाण्याने हॅम्स्टरच्या केसांतले तेल जाते, तो गारठतो, भेदरतो आणि आजारी पडतो. त्याला वाळूत लोळू द्यावे, तेवढी आंघोळ त्याला पुरते.

पुढच्या पुरवणीत निदान आंघोळ आणि फवारा या दोन्हींची दुरुस्ती ठळक छापावी, ही विनंती. तुमचे हे सदर लहान मुलेही वाचतात आणि लिहिले आहे तसे लगेच करून पाहतात. रोजच्या धुण्याची दुरुस्ती जागा उरली तर छापा.

– एक निवृत्त प्राणिगृह सहायक