शिष्यवृत्तीच्या खिडकीतल्या भाऊसाहेबांना

आदरणीय भाऊसाहेब,

सादर नमस्कार.

येत्या 30 जूनला तुम्ही निवृत्त होणार हे कळलं, तेव्हापासून हे पत्र लिहायचं मनात होतं. समोर येऊनही आभार मानता आले असते. पण त्या खिडकीतून तुम्ही वर्षानुवर्षं जे सांगत आलात, ते यंदा बारावी झालेल्या पोरापोरींनाही जसंच्या तसं लागणार आहे, म्हणून पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचायचं नाही. कॉलेजात सगळे तुम्हाला भाऊसाहेबच म्हणतात, तेवढं पुरे.

परळी खोऱ्यातून, मेढ्याकडून, कोरेगाव-वडूथकडून, नागठाण्याकडून सकाळी एसटीनं साताऱ्याला आलेलं पोर संध्याकाळी घरी जेवायला असतं. खोलीभाडं नाही, मेस नाही, सुगीत रानात दोन हात जास्त. घरच्यांचा हिशेब इथं संपतो. तुमचा इथून सुरू व्हायचा. प्रवेशाचा अर्ज हातात घेण्याआधी तुम्ही विचारायचात, "तुकडी कुठली घेतोयस, अनुदानित का विना?" बहुतेकांना त्यातला फरकच ठाऊक नसायचा. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ची अनुदानित तुकडी असते आणि शेजारी विनाअनुदानित. पगार सरकार देतं त्या तुकडीची फी पेलते. दुसरीकडे सगळा खर्च फीतून निघतो, त्यामुळे आकडा कितीतरी पट होतो. शिष्यवृत्तीत किती माफ होणार तेही त्यावरच ठरतं. बीसीए, बीबीएचं आणखी वेगळं. 2024 पासून त्यांना सीईटी, म्हणजे वेगळी प्रवेश परीक्षा, लागते. ज्यानं उन्हाळ्यात ती दिलीच नाही, त्याला जूनमध्ये खिडकीशी उभं राहून उपयोग नाही. हे तुम्ही अकरावी-बारावीच्या वर्गांत जानेवारीतच सांगून यायचात. ते काम तुमच्या टेबलाचं नव्हतं.

तुमची पेन्सिल आम्ही विसरणार नाही. अर्जात काही उणं असलं, तर तुम्ही तो परत सरकवत नव्हता. उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहायचात, "उत्पन्न – नवा", "आईचे नाव – आधारप्रमाणे", "बँक – तपासणे". कागद घेऊन पोर सरळ सेतूत, म्हणजे सरकारी दाखल्यांच्या केंद्रात, जायचं आणि परत आलं की रांगेत न थांबता बाजूनं द्यायचं. काम झालं की तुम्ही खोडरबरनं ती ओळ पुसायचात. पेनानं का लिहीत नाही, तर अर्ज पुढे जातो, त्यावर आपली खूण राहायला नको. एवढ्या साध्या गोष्टीनं शंभर पोरांच्या दोन-दोन फेऱ्या वाचल्या. लांबच्या गावाहून एक फेरी म्हणजे एक दिवस, आणि घरात कुणाची तरी एक मजुरी.

उत्पन्नाच्या दाखल्याचंच घ्या. तो 31 मार्चपर्यंतच चालतो. अकरावीला काढलेला, लॅमिनेट करून जपलेला दाखला घेऊन पोरं जुलैत यायची. तो मेलेला असतो हे त्यांना खिडकीशी कळायचं. तुमचा नियम एकच: एप्रिल उजाडला की अर्ज टाका. बारावीचा निकाल लागला की सगळा तालुका सेतूत असतो. आधी गावात तलाठ्याकडून, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्यांच्याकडून उत्पन्नाचा अहवाल. सोबत रेशनकार्ड, सातबारा-आठ अ. मग ऑनलाइन अर्ज आणि तहसीलदारांची सही. आणि आकडा नीट वाचा, असं बजावायचात. अनुसूचित जातीच्या पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीला मर्यादा अडीच लाखांची, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाखांची. कुणाचं तरी ऐकून चुकीच्या योजनेत अर्ज टाकला, की तो बाद व्हायला महिने लागतात आणि तोवर बरोबरच्या योजनेची मुदत टळलेली असते.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा करण्याआधी त्याच्या चार झेरॉक्स आणि एक स्वच्छ स्कॅन, हा तुमचा दुसरा हट्ट. जात पडताळणीला, भरतीला, पासपोर्टला तोच कागद पुन्हा लागतो आणि तेव्हा मूळ प्रत कॉलेजच्या फाइलीत असते.

सगळ्यात जास्त पैसे अडतात ते बँकेत, आणि याचं कारण नीट उकलून सांगणारे तुम्ही एकटेच भेटलात. महाडीबीटीवरची, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरची रक्कम अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जात नाही. ती जाते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर. पोरानं दहावीत जिल्हा बँकेत खातं काढलेलं असतं, अर्जात तोच क्रमांक. मधल्या काळात नवं सिम घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन एखाद्या पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलेलं असतं आणि आधार त्याला जोडलं जातं. पैसे तिकडे पडतात. पोर इकडे पासबुक भरून भरून थकतं. उपाय पाच मिनिटांचा: आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधार कुठल्या बँकेला जोडलंय त्याची, स्थिती बघायची, तिथं दिसेल तीच बँक खरी धरायची. बदलायची असेल, तर आपल्या बँकेत आधार सीडिंगचा फॉर्म भरून द्यायचा. नुसतं केवायसी केलं म्हणजे सीडिंग झालं असं नाही. हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हटलं असेल!

पैसे आल्यावरची गोष्टही तुम्ही आधीच सांगून ठेवायचात. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा 60 टक्के वाटा थेट पोराच्या खात्यावर येतो आणि त्यात कॉलेजची फीही असते. घरात अडचण असतेच, पैसे खर्च होतात. मग शेवटच्या वर्षी दाखला काढताना फीची थकबाकी पुढ्यात येते. रक्कम जमा झाल्याचा मेसेज आला की सात दिवसांत फीचा भाग भरून पावती घ्या, हे तुम्ही आईवडिलांना फोन करून सांगत होता, पोरावर सोडत नव्हता.

महाडीबीटीचा अर्ज एकदा भरला की झालं, असं वाटतं. तो आधी कॉलेजच्या लॉगिनमध्ये येतो, मग प्राचार्यांच्या, मग खात्याच्या. उच्च शिक्षणाच्या योजनांचा असेल तर कोल्हापूरच्या सहसंचालक कार्यालयात. कुठंही त्रुटी निघाली की तो 'सेंड बॅक' होतो आणि पोराच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. पुन्हा पाठवायचं काम पोराचंच, खिडकीतून ते करता येत नाही. म्हणून दर सोमवारी लॉगिन उघडायचं. आधारला जोडलेला मोबाइल वडिलांचा असतो आणि वडील रानात. ओटीपी दहा मिनिटांत मेलेला. नोंदणी करायच्या दिवशी तो मोबाइल सोबत आणा, ही सूचना तुमच्या काचेवर कायम चिकटवलेली होती. दुसऱ्या वर्षी नवा अर्ज नाही, रिन्युअल. तिथं नवं प्रोफाइल काढणाऱ्यांचे दोन्ही अर्ज अडकलेले आम्ही पुष्कळ पाहिलेत.

नावाचा घोळ वेगळा. बोर्डाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. कुठं वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, कुठं नाही. एबीसी आयडी, म्हणजे आता अपार, हा विद्यार्थ्याचा 12 अंकी क्रमांक काढताना हे जुळलं नाही, तर पोराची क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक, त्याच्या खात्यात जमा होत नाहीत. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून आधी दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे काय हवं ते कागदावर लिहून घ्या आणि मगच केंद्रात जा, असं तुम्ही सांगायचात. परीक्षा अर्जावर जे नाव जातं, तेच पदवी प्रमाणपत्रावर छापलं जातं.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम 2024-25 पासून संलग्न कॉलेजांत आला, तेव्हा प्राध्यापकही गोंधळलेले होते. तुम्ही एका पुठ्ठ्यावर तक्ता करून दोरीनं खिडकीला टांगलात. एका सत्राला 20 ते 22 क्रेडिट. तीन वर्षांना 120 ते 132. चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं तर 160 ते 176. थिअरीचं एक क्रेडिट 15 तासांचं, प्रॅक्टिकलचं 30 तासांचं. पहिल्या वर्षानंतर सोडायची वेळ आली, तर 40 ते 44 क्रेडिटवर प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी चार क्रेडिटचं कौशल्याचं काम जादा करावं लागतं. ही शेवटची ओळ तुम्ही लाल शाईनं लिहिली होतीत. मधेच लग्न ठरलेल्या मुलींना या ओळीनं काहीतरी हातात घेऊन बाहेर पडता आलं, आणि पुढं परत यायची वाटही मोकळी राहिली.

ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे निवडीचा विषय, आपल्या शाखेबाहेरचा घ्यावा लागतो. तो निवडताना मैत्रिणीनं काय घेतलं ते बघू नका, वेळापत्रक बघा, हे तुमचं सांगणं. सायन्सच्या पोरानं दुपारच्या प्रॅक्टिकलच्या वेळेतला विषय घेतला की हजेरी 75 टक्क्यांच्या खाली जाते आणि परीक्षेच्या तोंडावर अर्ज अडतो. ऑन जॉब ट्रेनिंगचे, म्हणजे प्रत्यक्ष कामावर शिकण्याचे, चार क्रेडिट म्हणजे 120 तास. इथं घराजवळ शिकण्याचा खरा फायदा आहे: गावची पतसंस्था, दूध संकलन केंद्र, साताऱ्याच्या एमआयडीसीतला कारखाना, माती परीक्षण प्रयोगशाळा, सगळं एसटीच्या टप्प्यात. कॉलेजचं पत्र आधी न्या, तासांची वही रोज सही करून घ्या. शेवटी एकदम सह्या घेतलेली वही ओळखू येते.

एसटीच्या पासाचं गणित मुलींच्या घरी फार चुकतं. बारावीपर्यंत पास मोफत होता, म्हणून पुढंही असेल असं धरतात. पदवीला तो मोफत नाही. मग कुणी म्हणतं, महिलांना अर्धं तिकीट आहेच की. पण 17 मार्च 2023 पासूनची त्या सवलतीत शंभरातले पन्नास भरायचे, आणि विद्यार्थी पासाला शंभरातले तेहेतीस. पास काढलेलाच बरा. बोनाफाईडवर गावाचं नाव थांब्याप्रमाणे लिहून घ्यायचं, ग्रामपंचायतीप्रमाणे नव्हे. प्रॅक्टिकल सुटायच्या वेळेशी गाडी जुळत नसेल, तर आगार व्यवस्थापकांना अर्ज कसा लिहायचा, तेही तुम्हीच शिकवलंत: मार्ग, सध्याची सुटण्याची वेळ, हवी असलेली वेळ, गावांची नावं, किती पासधारक, आणि खाली सगळ्यांचे पास क्रमांक. "आमची फार गैरसोय होते" एवढंच लिहिलेला अर्ज कपाटात जातो. पास क्रमांकांचा तक्ता जोडला की त्यावर शेरा पडतो.

विद्यापीठाचं नाव भरताना पोरं अडखळतात. 1962 पासून सातारा, सांगली, कोल्हापूर शिवाजी विद्यापीठाकडे; पण 2021 मध्ये साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं आणि शहरातली काही कॉलेजं त्यात गेली. शेजारच्या कॉलेजातल्या मित्राचा फॉर्म बघून विद्यापीठ निवडलं, तर अर्ज चुकतो. आपल्या गुणपत्रकावरचं बोधचिन्ह बघायचं.

कर्मवीरांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभं केलं, तेव्हा कमवा आणि शिका हा पोराच्या कष्टांचा सौदा होता. फी नाही तर हात आहेत ना, मग शिक. आजही या योजनेत नाव घालायला पोरं लाजतात. तुम्ही त्यांना बाजूला घेऊन समजावत होता, आणि कामाचे तास प्रॅक्टिकलवर येऊ नयेत म्हणून स्वतः वेळापत्रक जुळवून देत होता. भाऊसाहेब, हे काम कुठल्याही परिपत्रकात नाही. त्यासाठी तुमचे विशेष आभार.

शेवटचं वर्ष पास झालं की पदवी हातात आली, असंही पुष्कळांना वाटतं. पदवी प्रमाणपत्रासाठी दीक्षान्त समारंभाचा अर्ज वेगळा भरावा लागतो. मुंबई-पुण्याला नोकरीला गेलेल्यांना तुम्ही आठवण करून द्यायचात. पदवी प्रमाणपत्र न काढलेल्यांची वही तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे, ती पुढच्या माणसाकडे नक्की द्या.

आम्ही आता गावाकडे पोरांचे फॉर्म भरायला मदत करतो. तुमच्या पुठ्ठ्यावरचा तक्ता आणि कागदांचा क्रम उतरवून घेतलाय. परळी, मेढा आणि वडूथला वाचनालयात लावायचा आहे. छापायला देण्याआधी तुम्ही एकदा बघावा. प्रत सोबत जोडली आहे. समास मुद्दाम मोठा सोडलाय. कुठं चुकलं असेल तर उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहा, आम्ही येत्या शनिवारी अकराला येऊन घेऊन जाऊ.

आपले,
परळी, मेढा, कोरेगाव-वडूथ आणि नागठाणे बाजूचे माजी विद्यार्थी