दुदुक पाठवतोय, फुंकण्याआधी हे वाचा

येरेवान,
१२ मे

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

इथे मेडिकलला असलेला आपल्याकडचा एक मुलगा सुट्टीला सोलापूरला येतोय. त्याच्याजवळ एक लाकडी पेटी देतोय. आत दोन दुदुकं (इथल्या आर्मेनियन लोकांचं सनईसारखं फुंकून वाजवायचं लाकडी वाद्य), नळीच्या तोंडाशी बसवून फुंकायच्या चार पत्त्या, सुती दोरा आणि बदामतेलाची लहान बाटली आहे. दोन्ही दुदुकं एकाच मापाची आणि एकाच स्वराची आहेत. चुकून एकसारखी दोन आली असं समजून एखादं कुणाला देऊन टाकू नका. एक वाजवणाऱ्याचं आहे, दुसरं मागे सतत एकच सूर धरणाऱ्याचं, म्हणजे सनईमागे सूर धरत आलेल्या तुमचं. त्याबद्दल पुढे लिहितो. आधी पत्तीचं सांगतो, कारण पेटी उघडल्या उघडल्या तुम्ही ती तोंडाला लावणार. कोरड्या पत्तीतून आवाज निघत नाही, आणि जोर लावला तर ती चिरते.

ही पत्ती पाहून हसू नका. सनईच्या पत्तीच्या मानाने हा राक्षस आहे. बोटभर जाड बोरूचा ९ ते १४ सेंमीचा तुकडा असतो. खालचं टोक गोल, वरचं चपटं, बदकाच्या चोचीसारखं. हा बोरू आरास नदीच्या काठचा. इथे त्याला घामिश किंवा येघेग म्हणतात. ओलावा आणि ऊब देऊन हळूहळू दाबत चपटा करतात, घाई केली की कडेने फुटतो. मध्यावर काडीचं एक कडं अडकवलेलं दिसेल, ते काढू नका. टोकाला चिमट्यासारखं लाकडी टोपण आहे. ते हरवलं तर पत्ती गेली म्हणून समजा.

भिजवायची रीत अशी. पत्ती नळीतून काढा, टोपण बाजूला ठेवा. खालच्या गोल तोंडातून अर्धा चमचा साधं पाणी आत सोडा, दोन्ही टोकं बोटांनी बंद करून चार वेळा हलवा आणि पाणी ओतून द्या. पत्ती वाटीत बुडवून ठेवू नका. बाहेरून भिजली की ती सैल पडते आणि वेडीवाकडी उघडते. आता टोपण लावून १५-२० मिनिटं उभी ठेवा. टोपण काढल्यावर चोचीच्या मध्यावर २-३ मिमी फट दिसली पाहिजे. ओठ मिटलेलेच असतील तर टोपण न लावता आणखी पाच मिनिटं थांबा, पण समोर बसून. एकदा फट मोठी झाली की ती परत दाबून आणायला अर्धा दिवस जातो.

फट मोठी असेल तर आवाज घोगरा येतो, स्वर उतरतो आणि हवा वाया जाते. फट लहान असेल तर आवाज पातळ येतो, स्वर चढतो आणि दोन मिनिटांत पत्ती घट्ट मिटते. कडं याच्यासाठी आहे. ते टोकाकडे केसभर सरकवलं की फट कमी होऊन स्वर चढतो, खाली घेतलं की उलटं. केसभर म्हणजे खरंच केसभर. राहिलेला फरक पत्ती नळीत किती खुपसता त्यावर भागतो. आत दाबली की चढते, बाहेर ओढली की उतरते. बसवताना दोऱ्याच्या बाजूने धरा, चोच धरून पिळू नका. दोरा सैल असेल तर हवा गळते. वरचे स्वर ठीक येतात आणि खालचे दोन-तीन बोलतच नाहीत, म्हणून माणूस बोटांना दोष देत बसतो. सोबतचा दोरा त्यासाठीच आहे, चार वेढे वाढवले की काम झालं.

पावसाळ्यात मात्र हे सगळं निम्म्यावर आणा. हवेतच ओल असते तेव्हा पाणी नको. पत्तीत नुसता दोनदा तोंडाचा वाफारा सोडा आणि थांबा. वाजवून झाल्यावर टोपण लावून मोकळ्या हवेत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर आषाढात आठ दिवसांत बुरशी धरेल. चारही पत्त्या एकदम वापरात काढू नका. नवी पत्ती ताठर असते, पहिले आठ-दहा दिवस रोज दहा-पंधरा मिनिटंच वाजवा. आणि एका दुदुकवर गोड वाजणारी पत्ती दुसऱ्यावर तशीच वाजेल असं नाही, त्या जोड्या जुळवून घ्याव्या लागतात.

आता नळी. लाकूड जर्दाळूचं. इथली सगळी चांगली दुदुकं जर्दाळूचीच, वाद्याचं आर्मेनियन नावच मुळी 'त्सिरानापोघ', म्हणजे जर्दाळूची पुंगी. लाकूड वर्षानुवर्षं वाळवलेलं लागतं, नाहीतर आतली पोकळी पुढे वाकते आणि स्वर हलतात. लांबी साधारण २८ ते ४० सेंमी, स्वराप्रमाणे. तुम्हाला पाठवलेली 'ला' या पाश्चात्त्य स्वराची आहेत, म्हणजे बाजाच्या पेटीवर पांढरी सहा. समोर आठ भोकं, मागे अंगठ्याचं एक. तळाशी मागच्या अंगाला आणखी एक दिसलं तर ते बोटासाठी नाही, कारागिराने स्वर जुळवायला पाडलेलं असतं. महिन्यातून एकदा आतून तेलाचा बोळा फिरवा, पत्तीला तेल लागू देऊ नका. उन्हाळ्यात पंख्याखाली किंवा खिडकीत ठेवू नका. कोरडी पडलेली नळी एकदम ओल्या फुंकेने तडकते.

सनई वर बारीक आणि खाली रुंद होत जाते, शेवटी पितळी कर्णा. दुदुकची पोकळी वरपासून खालपर्यंत सारखी. एवढ्या फरकाने सगळं बदलतं. हातभरही नसलेल्या नळीतून सनईपेक्षा जवळजवळ सप्तकभर खालचा आवाज येतो, पुरुषाच्या गळ्यासारखा. पण सनईत फुंक वाढवून वरच्या सप्तकात जाता, तसं इथे जाता येत नाही. एक सप्तक आणि वर थोडंसं, एवढीच जागा. अर्धे स्वर भोक अर्धं झाकून काढायचे, ते तुम्हाला नवीन नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, ओठांतून येते. पत्ती मोठी असल्यामुळे नुसत्या ओठांच्या दाबावर अर्धा स्वर वर-खाली होतो. म्हणूनच नवशिका पहिल्या दिवशीपासून बेसूर वाजवतो. तुम्हाला वेगळीच अडचण येईल, सनईची सवय. तेवढ्या जोराने फुंकलंत तर पत्ती मिटून आवाज गुदमरेल. गाल फुगवून, ओठांमागे हवेची उशी ठेवून, गरम आणि सावकाश फुंक द्या. दात लागता कामा नयेत.

सनईची खरी बहीण इथे झुर्ना आहे. निमुळती नळी, कर्णा, मैदानात ऐकू जाणारा आवाज. वरातीत तिच्याबरोबर जे वाजतं त्याला इथेही ढोलच म्हणतात. दुदुक त्या मानाने घरातलं. एक गोष्ट आपल्या लोकांना खटकेल. आपल्याकडे सनई मंगलवाद्य. इथे दुदुक लग्नातही वाजतं आणि मयताच्या घरीही, आणि त्यात कुणाला विसंगत वाटत नाही.

आता त्या दुसऱ्या दुदुकचं. सूर धरण्याला इथे 'दम' म्हणतात, धरणाऱ्याला 'दमकश'. शब्द फारसीतून आलेला, आपलाच दम, श्वास. चार-पाच मिनिटं एकच स्वर, मध्ये खंड नाही. गालात हवा साठवून ती गालांनी बाहेर ढकलायची आणि त्याच क्षणी नाकाने आत ओढायची. हे तुम्ही आयुष्यभर करत आलात, त्यामुळे शिकवायला नको. पण सनईचा सूर पक्का असतो, एकदा लागला की लागला. इथे पत्ती गरम होत जाते आणि फट बदलते, म्हणून धरलेला सूर पाच मिनिटांत हळूच सरकायला लागतो. तो ओठांनी धरून ठेवायचा, ऐकणाऱ्याला कळू न देता. शिवाय धून दुसऱ्या स्वरावर विसावली की दमकशने त्या स्वरावर जायचं आणि परत यायचं. कधी जायचं हे वाजवणारा खुणेने सांगत नाही. म्हणून दोन्ही दुदुकं एकाच मापाची लागतात. दुसऱ्या मापाचं घेतलं तर स्वर मिळेल, पण दोन आवाजांची जात मिळणार नाही. युनेस्कोने २००५ मध्ये दुदुकच्या संगीताची दखल घेतली, तेव्हा वर्णनात दोन वादक धरूनच लिहिलं. एकट्या दुदुकचं कौतुक बाहेरच्या देशांतलं.

ज्याच्यामुळे ते बाहेर गेलं त्याचं नाव जिवान गास्पार्यान. जन्म १२ ऑक्टोबर १९२८, येरेवानच्या उत्तरेला सोलाक नावाच्या गावी. सहाव्या वर्षी दुदुक हातात आलं. मूकपटांच्या वेळी थिएटरात दुदुकवाले बसायचे, ते ऐकून वेड लागलं असं तो सांगे. आपल्याकडे मूकपटांना पेटी-तबला असायचा, तसंच. लहानपणी शाळेत बसून शिकलेलं काही नाही, जुन्या लोकांचं ऐकून उचललेलं. १९४८ मध्ये तातुल आल्तुन्यान यांच्या सरकारी लोकगीत-नृत्य मंडळात शिरला. सोव्हिएत काळात अशा मंडळाची नोकरी म्हणजे ठरलेला पगार, ठरलेले दौरे आणि ठरलेला कार्यक्रम. बऱ्याच चांगल्या वादकांचा हात त्यात एकसुरी झाला, याचा नाही झाला. १९७३ मध्ये आर्मेनियाने त्याला 'लोककलावंत' हा किताब दिला. पुढे येरेवानच्या कोमितास संगीत विद्यालयात शिकवलं.

जगाला तो कळला तेव्हा साठी आली होती. १९८३ मध्ये सोव्हिएत कंपनीने काढलेली त्याची तबकडी ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराच्या कानावर मॉस्कोत पडली. ईनोने ती १९८९ मध्ये आपल्या लेबलवर पुन्हा काढली. आदल्याच डिसेंबरात, ७ तारखेला, स्पिताकचा भूकंप झाला होता. हजारो माणसं गेली होती आणि आर्मेनियाचं नाव तेव्हा बातम्यांत होतं. लोकांनी ती तबकडी त्या दुःखाशी जोडून ऐकली. मग अमेरिकेतलं चार तंतुवादकांचं क्रोनोस क्वार्टेट आलं, सिनेमावाले आले. २००० च्या 'ग्लॅडिएटर' या प्राचीन रोमवरच्या सिनेमात हान्स झिमरच्या संगीतात जो दुदुकचा आवाज आहे तो त्याचा. तिथून हॉलिवूडला खोडच लागली. वाळवंट दिसलं, प्राचीन काळ दिसला, कुणी मेलं, की वाजव दुदुक. रोममध्ये हे वाद्य कशाला असेल, असं कुणी विचारत नाही. मला विचाराल तर या सिनेमांनी वाद्याचा जितका प्रसार केला तितकंच त्याला रडकं ठरवलं. इथे लग्नात दुदुकवर नाचाच्या धुनाही वाजतात, त्या बाहेर कुणी ऐकलेल्याच नसतात.

२०१० मध्ये ऑस्लोला युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्यांच्या स्पर्धेच्या मंचावर गास्पार्यान ८१ व्या वर्षी एका तरुण गायिकेमागे वाजवायला उभा राहिला. गाणं जर्दाळूच्या बीवर होतं, हातात जर्दाळूचं लाकूड. ६ जुलै २०२१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वारला, ९२ वर्षांचा. नातू त्याच नावाचा आहे, तोही दुदुक वाजवतो.

ईनोने काढलेली ती तबकडी मोबाइलवर मिळेल, पोरांना लावून द्यायला सांगा. पण मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, त्यात खालचा सूर जवळजवळ जातोच. कानाला हेडफोन लावा. पहिल्यांदा गास्पार्यानला ऐका. दुसऱ्यांदा त्याला सोडून द्या आणि मागे धरलेल्या दमवर कान ठेवा. तो लांब स्वर ओढताना थरथर वाढवतो तेव्हा मागचा सूर मुद्दाम सपाट ठेवलेला असतो. स्वर पडता पडता सावरतो तो त्या सपाट सुराला टेकून. कव्हरवर मोठ्या अक्षरात नाव एकच आहे. ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

पहिल्या आठवड्यात फक्त सूर धरा, बोटं चालवू नका. सगळी भोकं झाका आणि सगळ्यांत खालचा स्वर पाच मिनिटं. शेजारी तंबोऱ्याचं यंत्र लावून ठेवा, म्हणजे सरकलात की लगेच कळेल. ज्या पत्तीला लाल दोरा बांधलाय ती सगळ्यांत नरम आहे, सुरासाठी तीच घ्या. सनईवाल्या पोराला दुसरं दुदुक द्या, पण त्याला आधी सांगा की जोर करू नको.

पत्त्या संपत आल्या की कळवा. जुन्या टाकू नका, कडं आणि टोपण नव्यांना लागतात. काकूंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळू

ता. क. पेटीच्या तळाशी जर्दाळूच्या चार बिया आहेत. त्या खायच्या नाहीत, कडू जातीच्या आहेत, नुसत्या पोरांना दाखवायला ठेवल्यात.