झाड पाठवू नको

नागपूर, 2 डिसेंबर

चि. अनुग्रह,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, सात फुटी प्लास्टिकचं झाड ऑर्डर करतो, तुमचं ते वाकडं झाड फोटोत बरं दिसत नाही. आईसमोर मी काही बोललो नाही, पण बाबू, ते पाठवू नको. काहून, ते लिहूनच सांगतो. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

माझ्या लहानपणी नाताळचं झाड म्हणजे सुरूची फांदी. मोहननगरातली आम्ही पोट्टी ती कुठून तोडून आणायचो, हे तुझ्या आजीनं कधी विचारलं नाही. डालडाच्या डब्यात विटांचे तुकडे आणि रेती ठासून फांदी उभी करायची, डब्याला लाल पतंगी कागद गुंडाळायचा. बर्फ काटोलहून यायचा. डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असते, तेव्हा आत्या पिशवीभर कापूस सरकीसकट पाठवायची. रात्री कंदिलाशी बसून आजी आणि मी सरकी काढायचो, कापूस बोटांनी पिंजून फांदीवर पसरायचो. कितीही निवडला तरी वाळल्या पानाचा चुरा त्यात राहायचाच. सोबत आंबिया बहाराची संत्रीही यायची. आजी त्यातली लहान निवडून देठाला दोरा बांधायची आणि बुडाशी टांगायची, कारण टोकाला टांगलं की फांदी लवायची. एपिफनीपर्यंत, म्हणजे 6 जानेवारीच्या सणापर्यंत, संत्री टिकत नसत. कशी टिकतील, घरात आम्ही होतो ना!

तुझा जन्म झाला त्या वर्षी सीताबर्डीवरून प्लास्टिकचं आणलं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. टिनाखालच्या माळ्यावर उन्हाळे काढून त्याची पानं बोटांत चुरायला लागली, आणि आईनं एका दिवाळीच्या साफसफाईत ते काढून टाकलं.

मग नर्सरीतून हे कुंडीतलं आलं. नर्सरीवाला त्याला नुसतं 'ख्रिसमस ट्री' म्हणतो. नाव अरोकेरिया, पॅसिफिक बेटांवरचं झाड. नॉरफोक बेटाच्या नावानं 'नॉरफोक पाइन' म्हणून जे विकतात, ते पुष्कळदा न्यू कॅलेडोनियातलं कुक पाइन असतं. कॅप्टन कुकनं 1774 मध्ये ही दोन्ही बेटं पाहिली, म्हणून ते नाव. आता वाकडेपणाचं ऐक. 2017 मध्ये संशोधकांनी पाच खंडांतली कुक पाइनं मोजली, तर ती विषुववृत्ताकडे कललेली निघाली: उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे, दक्षिणेत उत्तरेकडे. आपलंही दक्षिणेलाच कललंय. अर्थात आपली गॅलरीही त्याच बाजूला आहे, तेव्हा ऊन ओढत असेल हेही खरं.

समुद्रकाठच्या या झाडानं आपला नवतपा काढावा, ही काही सोपी गोष्ट नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा त्याला हिरव्या जाळीआड ठेवतो. दुपारी पाणी घालत नाही, पहाटे घालतो. तरी खालच्या फांद्या तांबूस होतात. पण शेंडा शाबूत आहे, आणि या झाडात शेंड्यालाच सगळी किंमत. तो मोडला की बाजूची फांदी त्याच्यासारखी सरळ वर चढत नाही. म्हणून आपला तारा शेंड्याला न बांधता छताच्या हुकातून दोऱ्यानं सोडलेला असतो. तू नववीत असताना यावरून माझ्याशी भांडला होतास.

'खऱ्या झाडासारखं' हवं, असं तू म्हणालास. खरं कोणतं रे? मिशनरी हिस्लॉपसाहेब नागपुरात आले 1845 मध्ये, आणि राणी व्हिक्टोरियाच्या घरच्या झाडाचं ते गाजलेलं चित्र लंडनच्या साप्ताहिकात छापून आलं 1848 मध्ये. शिवाय ते स्कॉटिश प्रेस्बिटेरियन, म्हणजे नाताळचा गाजावाजा न करणाऱ्या पंथाचे! त्यांच्या मुलखात 25 डिसेंबरची सरकारी सुट्टी 1958 मध्ये सुरू झाली. म्हणजे ज्यांनी इथं मिशन उभं केलं, त्यांच्याच घरी झाडाची परंपरा नव्हती. मग आमच्या सुरूला आणि या वाकड्याला कमी कुणी म्हणायचं?

तेव्हा ऑर्डर रद्द कर. 23 तारखेला येताना एलईडीची बारीक माळ आण, गरम होणारे जुने बल्ब मला पानांजवळ नकोत. आणि चिमणीला सांग, यंदा कापूस तिनं पिंजायचा आहे. आत्याच्या मुलाला मी सरकीसकटच पाठवायला सांगितलाय. करंज्यांचं सारण तुम्ही आल्यावरच करू, असं आई म्हणते.

तुझा,
बाबा