मेणवलीच्या घाटावरच्या मावशींना

वाईचा ढोल्या गणपती, मग मेणवलीत नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट, असा आमचा रविवारचा बेत. चिमाजी अप्पांच्या १७३९च्या वसई मोहिमेतली घंटा पाहून उतरताना आईचा पाय शेवाळावरून घसरला. घोटा टम्म सुजला. धुणं धुणाऱ्या दोन मावशी हातातलं टाकून धावल्या. एकीनं ओला पंचा घट्ट बांधला, "सोडू नका, सूज वाढंल." दुसरीनं जवळच्या खानावळीतून बर्फ आणि चक्क खुर्ची मागवली! त्याच खुर्चीत बसवून तिथल्या पोरांनी आईला पायऱ्या चढवून गाडीपर्यंत नेलं. वर पिठलं-भाकरी बांधून दिली, पैसे घेतलेच नाहीत. हाड शाबूत आहे, आई काठी धरून चालते. पंचा धुऊन ठेवलाय, परत आणून देऊ. मावशी, पोरांनो, मनापासून आभार.