छप्पर गळते ते कडेने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या ट्रॅव्हल ट्रेलरची (मोटारीमागे ओढून न्यायच्या फिरत्या घराची) डागडुजी या विषयावरचा लेख वाचला. पडदे, रंगसंगती आणि स्वयंपाकाच्या ओट्याबद्दल लेखात भरपूर आहे. छपराच्या वाट्याला मात्र दोनच वाक्ये आली आहेत: सांध्यांत सिलिकॉन भरा आणि वरून पांढऱ्या वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारा. हा सल्ला वाचून कोणी शिडी लावण्याआधी पुढचा मजकूर छापून यावा, म्हणून हा पत्रप्रपंच.

आधी ट्रेलरची रचना पाहू. १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकेत बनलेल्या गोल पाठीच्या छोट्या ट्रेलरमध्ये जेमतेम १९ × ३८ मि.मी. लाकडी पट्ट्यांची चौकट असते आणि तिच्यावर साधारण अर्ध्या मि.मी.चा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. छपराचा पत्रा दोन्ही बाजूंच्या भिंतींवर बोटभर खाली दुमडलेला असतो. ती दुमड झाकायला कडेने मोल्डिंगची पट्टी स्क्रूने आवळतात आणि पट्टीखाली लांबीसारखी (पुट्टीसारखी) मऊ टेप असते. पाणी अडवण्याचे काम ही टेप करते. पत्रा मध्ये कुठे फाटून गळती झाली, असे क्वचितच घडते. गळती होते ती या कडेला, पुढच्या-मागच्या जोडांना आणि हवेच्या झरोक्याभोवती.

टेप का मरते? जुन्या टेपमधले तेल वर्षानुवर्षांच्या उन्हाने उडून जाते आणि ती खडूसारखी ठिसूळ होते. शिवाय पत्रा सतत हलत असतो. पाच मीटर लांबीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा ४० अंश सेल्सियसच्या फरकाने साडेचार मि.मी.च्या आसपास लांबतो. उन्हात तापलेले छप्पर आणि पहाटेचे थंड छप्पर यांत एवढा फरक सहज पडतो. खालचे लाकूड त्या मानाने जागचे हलत नाही. मग ताण येतो तो टेपवर आणि स्क्रूंच्या भोकांवर. भोके लांबट होतात, पाणी स्क्रूच्या आट्यांवरून लाकडात उतरते, स्क्रू गंजतो, त्याच्याभोवतीचे लाकूड काळे पडून भुसभुशीत होते. मोल्डिंगचा एखादा स्क्रू फिरवल्यावर जागच्या जागी गरगर फिरू लागला, तर खालची लाकडी पट्टी गेली असे खुशाल समजावे.

अशा सांध्यावर सिलिकॉन फासले तर एखादा हंगाम निभावतो. मग त्याची कड सुटते, पाणी मागच्या बाजूने आत शिरते आणि आत शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे सिलिकॉन खरवडल्यावरही पत्र्यावर त्याचा तेलकट थर उरतो. त्यावर रंग धरत नाही, सांधे बुजवायचे दुसरे सीलंट बसत नाही, खुद्द नवे सिलिकॉनही नीट चिकटत नाही. पांढऱ्या अ‍ॅक्रिलिक लेपाशी आमचे वैर नाही. सुक्या आणि धड छपरावर तो ऊन परतवतो. पण जिथे पाणी साचून राहते तिथे तो मऊ पडून पापुद्र्यांनी निघतो. आणि ओल्या लाकडावर वरून झाकण घातले, की आतले कुजणे निवांत चालू राहते.

गळतीची जागा शोधताना ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ असे हमखास होते. डाग दिसतो मागच्या खिडकीखाली आणि पाणी शिरलेले असते मधल्या झरोक्यातून. ते वाशाच्या कडेने सरकत मागे येते. म्हणून आतल्या डागावरून निदान करू नये. टोकदार टोच्या घेऊन कडेच्या पट्ट्या वीतभर अंतराने टोचून पाहाव्यात. ओल मोजण्याचे यंत्र असेल तर २० टक्क्यांच्या पुढचा प्रत्येक आकडा संशयास्पद समजावा. रात्री आत प्रखर दिवा लावून बाहेरून पाहिले, तर पत्र्यातली सुईएवढी छिद्रेही कळतात; मात्र त्यासाठी आतले छत उघडे हवे. पाइपने पाणी मारून तपासायचे असेल तर खालून वर जावे आणि प्रत्येक सांध्यावर काही मिनिटे थांबावे. सगळे छप्पर एकदम भिजवले, तर कुठून गळते आहे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. सर्वांत चांगली तपासणी हवेची: दारे-खिडक्या बंद करून झरोक्यातून पंख्याने आत हवा भरायची आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचे पाणी फिरवायचे. बुडबुडा येईल तिथे फट.

कडेची पट्टी कुजलेली निघाली, तर छप्पर उघडण्याला पर्याय नाही. हे ट्रेलर आतून बाहेर असे बांधलेले असतात: आधी आतले पॅनेल, मग चौकट, वायरिंग, उष्णतारोधक थर आणि शेवटी पत्रा. त्यामुळे उघडायचे ते बाहेरून. हौशी लोक आतले बर्च प्लायवुडचे छत फोडून सुरुवात करतात आणि जे मूळचे आणि सुंदर होते तेच पहिल्यांदा घालवून बसतात. पत्रा काढण्याआधी भिंतीची गोलाई कागदावर किंवा प्लायवुडवर आखून घ्यावी. कुजलेली चौकट बाहेर आल्यावर मूळ आकार कुठेच शिल्लक राहत नाही. आतून तिरके टेकूही द्यावेत, कारण छपराशिवाय भिंती फाकतात.

जुन्या छपरावर चांदी रंगाचा जाड डांबरी लेप असेल, तर तो कोरडा घासू नये. त्या काळच्या अशा लेपांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असू शकतात. तुकडा तपासून घ्यावा, मगच हात लावावा. साफसफाईला लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये. त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि पुढे तांबूस डाग उमटतात. प्लॅस्टिकची पाती बरी.

मोल्डिंगच्या स्क्रूंच्या खाचांतली जुनी टेप आधी कोरून काढावी, नाहीतर डोके घासले जाते. पट्टी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, ती वाकली की पुन्हा सरळ बसत नाही. रुंद पट्टीचा चाकू खाली सरकवत हळूहळू सोडवावी. पत्रा उचलायला तिघे हवेत आणि दिवस बिनवाऱ्याचा. पातळ पत्र्याला एकदा मोड पडली, की ती जन्माची.

लाकडात धड भाग लागेपर्यंत कापत जावे आणि नव्या तुकड्याला बाजूने किमान ३०० मि.मी.चा जोडतुकडा गोंद व स्क्रूने लावावा. कुजक्या लाकडात इपॉक्सी मुरवणे हा उपाय बोटाच्या पेराएवढ्या जागेपुरता ठीक. वासा त्याने उभा राहत नाही. एका गोष्टीवर आमचा विशेष कटाक्ष आहे: तांब्याचे क्षार मुरवलेले, ‘कुजत नाही’ म्हणून विकले जाणारे लाकूड इथे लावू नये. त्यातले तांबे ओलाव्याच्या संगतीने अ‍ॅल्युमिनियम खाते. साधे, सरळ रेषांचे, सुके लाकूडच बरे. आडवे वासे मधोमध किंचित उंच हवेत, नाहीतर पाणी साचणारच. छपरावर एसी बसवायचा असेल तर आजच्या यंत्राचे वजन ३५ ते ४५ किलो असते. मूळ वासे त्यासाठी नव्हतेच. उघडे आहे तोवरच झरोक्याच्या दोन्ही बाजूंना जास्त खोलीचे वासे घालून भार भिंतींवर न्यावा. हातासरशी छतातली वायर बदलावी आणि ती वाशावरून जाते तिथे पोलादी पट्टी ठोकावी, म्हणजे पुढे मारलेला स्क्रू वायरमध्ये घुसणार नाही.

नवा पत्रा घ्यायचा तर ०.८ मि.मी.चा आणि एकसंध. दहा चौरस मीटरचे छप्पर त्यात साडेएकवीस-बावीस किलोचे होते, म्हणजे वजनाचा बाऊ करण्याचे कारण नाही. पुढच्या-मागच्या पत्र्यांवर छपराचा पत्रा चढला पाहिजे. हे उलटे झाले तर कितीही सीलंट भरा, पाणी आतच जाणार. दोन्ही बाजूंना २० मि.मी. जादा सोडून मधल्या रेषेपासून बाहेर दाबत आणावे आणि रबरी हातोड्याने कड थोडी थोडी खाली वळवावी. गोलाईवर या दुमडीत पत्रा जास्त होऊन चुण्या पडतात. तिथे इंग्रजी व्हीच्या आकाराच्या छोट्या खाचा घ्याव्या लागतात. खाचेचे टोक मोल्डिंगच्या झाकणीआतच थांबले पाहिजे. ते दोन मि.मी. वर गेले तरी तिथे कायमचे भोक झाले.

मोल्डिंगखाली ३ मि.मी. जाडीची, २० ते २५ मि.मी. रुंदीची ब्यूटाइल (मऊ, चिकट रबरी) टेप लावावी. पाच मीटरच्या ट्रेलरला दोन्ही कडा, जोड आणि झरोका मिळून पंधरा-वीस मीटर लागते. खिडक्याही काढणार असाल तर तीस मीटर आणून ठेवावी. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. टेप ताणू नये, ताणलेली टेप नंतर आखडते आणि टोकांना फट पडते. लाकडातली जुनी भोके गोंद लावलेल्या लाकडी खुंट्यांनी बुजवून नव्याने पाडावीत. स्क्रू आठ नंबरचे, २५ मि.मी. लांबीचे, स्टेनलेस स्टीलचे. मधून टोकांकडे जावे आणि शेवटचे आवळणे हातानेच करावे. टेप दोन्ही बाजूंनी सारखी बाहेर डोकावली की थांबावे. जास्त आवळले तर प्रत्येक स्क्रूपाशी पट्टी खळगी धरते आणि पाणी तिथेच बसते. दोन-तीन कडक उन्हे खाल्ल्यावर टेप आणखी दबते, तेव्हा एकदा पुन्हा आवळून मगच बाहेर आलेली टेप प्लॅस्टिकच्या पात्याने कापावी. हे दुसरे आवळणे निम्मे लोक विसरतात.

झरोक्याच्या चौकटीखाली ब्यूटाइल आणि वरून स्क्रूंच्या डोक्यांवर आपोआप पसरणारे लॅप सीलंट. तेच उतरत्या भागावर घातले तर ओघळून जाते. तिथे न ओघळणारा प्रकार वापरावा.

एअरस्ट्रीम कंपनीच्या ट्रेलरसारख्या, पत्रे रिव्हेटने जोडलेल्या ट्रेलरला यातले बरेच लागू नाही. तिथे सांगाडाही अ‍ॅल्युमिनियमचा असतो. आतले पत्रे काढलेले असतील तर प्रत्येक शिवण आणि रिव्हेट आतून पॉलियुरेथेन सीलंटने भरावे, बाहेरून फक्त बारीक रेघ. त्यावर पांढरा लेप देणे म्हणजे शुद्ध नासाडी.

प्लायवुड ठोकून त्यावर ईपीडीएम या कृत्रिम रबराची चादर अंथरण्याची शिफारसही बरेच जण करतात. रबर गळत नाही, हे खरे. पण वजन वाढते, कडेची जाडी वाढल्याने मूळ मोल्डिंग नीट बसत नाही आणि पेट्रोलजन्य द्रावणे त्याला चालत नाहीत. जुनेपण जपायचे असेल तर आमचे मत पत्र्यालाच.

लेखमालेचा पुढचा भाग येणार असल्याचे पुरवणीत म्हटले आहे. त्यात निदान सिलिकॉनचा सल्ला मागे घेतल्याची चौकट छापावी, ही विनंती.

आपले,
जुन्या ट्रेलरची दुरुस्ती करणारे काही वाचक