विषय : नेटवर्कवरून जोडणी येताच कोसळणारा डेटाबेस सर्व्हर आणि आम्हाला न विचारता बंद केलेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, तांत्रिक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या सेवा केंद्राचा फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसलो. "ग्राहकाच्या जागेवरील नेटवर्कचा दोष" असा शेरा मारून आमची तक्रार बंद केल्याचं त्या फोनवर कळलं. तो शेरा चुकीचा आहे, आणि तो चुकीचा असल्याचा पुरावा दहाहून जास्त दिवस तुमच्याकडे पडून आहे.

सर्व्हर तुमचा, त्यावरचा डेटाबेस मायएसक्यूएलच्या सोर्सवरून (मूळ कोडवरून) तुमच्याच लोकांनी बांधलेला. 2 तारखेला तुमच्या माणसाने दूरवरून त्यावर लिनक्सचं अपडेट चढवलं. त्या संध्याकाळपासून सर्व्हरसमोर बसून काम केलं तर सगळं सुरळीत चालतं आणि एखाद्या केंद्राने नेटवर्कवरून जोडणी मागितली की डेटाबेस त्याच क्षणी पडतो. लॉगमध्ये दर वेळी सिग्नल 11, म्हणजे प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावल्याची खूण. मग तो आपोआप उठतो, रिकव्हरी करतो, पुढचं केंद्र जोडायला येतं आणि पुन्हा पडतो. सगळ्या जोडण्या एकाच प्रोसेसमध्ये चालत असल्यामुळे सर्व्हरवर बिलं करत बसलेल्या आमच्या लिपिकाचं अर्धं कामही त्याबरोबर जातं.

आमचा दूध संघ आहे. नऊ संकलन केंद्रं, सकाळ-संध्याकाळ दूध. प्रत्येक सभासदाचं लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) जागेवर नोंदवायचं असतं. म्हशीच्या दुधाचा दर 6.0 फॅट आणि 9.0 एसएनएफ धरून ठरतो, पॉइंट वरखाली झाला की पैसे बदलतात. 2 तारखेपासून हे सगळं वहीत लिहून, वह्या मोटरसायकलवरून मुख्य कार्यालयात आणून, रात्री दोन माणसं बसून भरत होती. 1 ते 10 चं बिल 13 तारखेला जातं, ते 17 ला गेलं. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईला चार दिवस उशीर म्हणजे काय, हे केंद्रावरच्या खिडकीत उभं राहून आम्ही ऐकलं आहे. तुमच्या सेवा केंद्रातल्या कुणाला ते ऐकावं लागलं नाही.

आता सेवा केंद्राला मी केलेला आधीचा फोन. 9 तारीख, सकाळी अकरा वाजता. मी वीस मिनिटं थांबलो. समोरच्या गृहस्थांनी आधी सर्व्हर रीस्टार्ट करायला सांगितलं. सांगितलं, सहा वेळा केलाय. त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे लाइट जाते का?" म्हटलं, यूपीएस आहे, जनरेटर आहे, दुधाचे कूलर त्यावरच चालतात. मग विचारलं, "सर्व्हरवर बसून चालतंय ना?" मी हो म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "मग नेटवर्कची केबल काढून ठेवा. केबल काढली की पडणार नाही." मला वाटलं, तपासासाठी सांगत आहेत. विचारलं, किती वेळ काढून ठेवू? ते म्हणाले, "कायमची. खेडेगावात नेटवर्क असंच असतं सर, तुम्ही एकाच मशीनवर एंट्री करा." मी विचारलं, नऊ केंद्रांसाठी घेतलेला सर्व्हर एकाच मशीनवर वापरायचा? "तो तुमचा प्रश्न आहे," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. मी तेरा वर्षं या खात्यात आहे, असं उत्तर मला कुणी दिलेलं नव्हतं.

केबलचा दोष नाही हे मी त्याच दुपारी तपासलं. सर्व्हरवरूनच 127.0.0.1 ला, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या आतल्या लूपबॅक पत्त्याला, टीसीपीने (नेटवर्कच्या पद्धतीने) जोडलं, चाललं. सर्व्हरवरूनच त्याच्या स्वतःच्या लॅनच्या आयपीला जोडलं, पडला. ही जोडणी मशीनच्या आतच फिरते, केबलपर्यंत जातच नाही. लूपबॅकचा पत्ता डेटाबेस शोधाशोध न करता लोकलहोस्ट मानतो. बाकी कुठलाही आयपी आला की त्याचं नाव शोधायला जातो, आणि तिथेच तो कोसळतो. लॉगमधल्या स्टॅक ट्रेसमध्येही (कोसळताना कुठली फंक्शन्स चालू होती त्या यादीतही) नाव शोधणारंच फंक्शन दिसतं. एलडीडी या कमांडने तुमची डेटाबेसची फाइल तपासली तर ती स्टॅटिक लिंक केलेली, म्हणजे लायब्ररी आतच बांधून टाकलेली निघाली. अशा फाइललाही नाव शोधण्यासाठी, बांधताना वापरलेल्याच आवृत्तीच्या जीलिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) लायब्ररी चालताना लागतात. लिंकर (फाइल जोडून तयार करणारा प्रोग्राम) हा इशारा बांधतानाच देतो, म्हणजे तो तुमच्या माणसांच्या पडद्यावर येऊन गेलेला असणार. अपडेटने जीलिबसी पुढे गेली, तुमची फाइल मागे राहिली. हे सगळं मी 10 तारखेला लॉगसकट मेलने पाठवलं. उत्तर आलं : "कृपया सर्व्हर रीस्टार्ट करून पाहा."

शेवटी 20 तारखेच्या रात्री मी स्वतः कॉन्फिग फाइलमध्ये स्किप-नेम-रिझॉल्व्ह (नाव शोधू नको, असं सांगणारी ओळ) घातलं. डेटाबेस पडायचा थांबला. पण तुमच्या माणसांनी केंद्रांना परवानग्या मशीनच्या नावावर दिल्या होत्या, त्यामुळे एकही केंद्र आत येईना. नऊच्या नऊ परवानग्या आयपीवर नव्याने द्याव्या लागल्या, पहाटे चार वाजले. आणि आज दुपारी मला ऐकवलं गेलं की कॉन्फिग फाइलला हात लावल्यामुळे देखभाल करार लागू राहत नाही. अठरा दिवस तुम्ही हात लावला नाही म्हणून मला लावावा लागला. त्याआधी रीस्टार्ट सोडला तर तुमचा एकमेव सल्ला केबल काढा असा होता, आणि तोच तक्रारीवर शेरा होऊन बसला.

आठ वर्षांपूर्वी तुमचा पहिला सर्व्हर आम्ही घेतला, तेव्हा तुमचा अभियंता दोन दिवस इथे राहिला होता. पहाटेच्या संकलनाला तो आमच्यासोबत केंद्रावर उभा होता. त्याच भरवशावर शेजारच्या दोन संघांना तुमचं नाव मी सांगितलं. आता त्यांना हेही सांगणार आहे.

तक्रार पुन्हा उघडा आणि तो शेरा काढा. सध्याच्या जीलिबसीवर चालणारी, नीट बांधलेली फाइल द्या. मी केलेला बदल ही तात्पुरती मलमपट्टी आहे, नाव शोधणारं दुसरं काही चाललं की हीच फाइल पुन्हा पडू शकते. करार लागू असल्याचं लेखी कळवा. 30 तारखेपर्यंत हे झालं नाही तर नूतनीकरणाचा धनादेश निघणार नाही, आणि संघाच्या वकिलांची नोटीस येईल. त्या नोटिशीत 9 तारखेचा फोन शब्दशः असेल. तुमच्याकडे कॉल रेकॉर्ड होतात, तो कॉल तुम्ही स्वतः ऐकावा.

संगणक विभाग प्रमुख
सहकारी दूध संघ

सोबत : 2 ते 20 तारखेचे एरर लॉग, 10 तारखेच्या मेलची प्रत, लॅन आयपीवरील चाचणीची नोंद